चेंडूला खाली यायला लागलेला वेळ

प्रयोगशाळा सहायक नेमकं काय करतो, हे माझ्या सोयऱ्यांना छत्तीस वर्षांत कळलं नाही. गंगापूरकडच्या आमच्या गावात कुणी म्हणायचं मी औषधं बनवतो, कुणी म्हणायचं रक्त तपासतो. एक मामेभाऊ तर कागदात गुंडाळलेली लघवीची बाटली घेऊन सकाळच्या एसटीनं थेट शाळेत आला. त्याला चहा पाजला आणि सरकारी दवाखान्याचा रस्ता दाखवला. शाळेत असं काही तपासत नाहीत हे त्याला पटलं नाही. आपल्या माणसाचं काम करायला मी टाळाटाळ केली, असं तो पुढं बरीच वर्षं सांगत होता.

तर आधी काम सांगतो. औरंगाबादच्या (आता गावाचं नाव बदललं, माझ्या जिभेचं बदलायचं राहिलं) एका खाजगी हायस्कुलात मी होतो. सर शिकवायचे आणि मी मांडामांड करायचो. काचेच्या नळ्या धुणं, तारा जोडणं, तराजूची वजनं पोरांच्या खिशात जाऊ न देणं आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी चाळीस पोरांचे प्रयोग पस्तीस मिनिटांत ‘आणणं’. हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. प्रयोग करायचा नसतो, आणायचा असतो. पुस्तकात जे उत्तर दिलंय ते आलं की प्रयोग आला. नाही आलं तर पोरगं रडकुंडीला येतं, सर चिडतात आणि दोघंही माझ्याकडं बघतात.

माझं शिक्षण सहावीपर्यंत उर्दूत झालं. मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, शाळा मराठी झाली आणि घरात जन्मापासून मराठी बोलणारा मी सातवीला मराठीतच नापास झालो. कसाबसा मॅट्रिक झालो आणि बाविसाव्या वर्षी इथं चिकटलो. मला काम शिकवलं ते विज्ञानाच्या रज्जाक मास्तरांनी. उंच, किडकिडीत माणूस, शेरवानीच्या खिशात कायम खडू. लंबकाचा प्रयोग त्यांनी मला पहिल्या आठवड्यातच शिकवला. दोऱ्याला गोळा टांगायचा, झुलवायचा, वीस झोके मोजायचे आणि त्याला लागलेल्या वेळावरून हिशेब करायचा. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, ते त्यावरून कळतं. पुस्तकात तो आकडा नऊ पूर्णांक आठ आहे.

माझा आला अकरा. मास्तर हसले. “मियाँ, घड्याल चालू करते वखत क्या बोले?”

मी म्हणालो, “एक.”

“वहींच तो गडबड है. चालू करते वखत जीरो बोलना. एक बोले तो एक झोका बगैर हुएच गिन लिया.”

ही चूक लंबक हाताळणारा प्रत्येक माणूस आयुष्यात एकदा करतोच. शून्यापासून मोजल्यावर माझा आकडा खाली आला, पण नऊ पूर्णांक आठला भिडेना. मास्तरांनी मला तो प्रयोग सात वेळा करायला लावला. “कम आया तो फिर से करो,” एवढंच म्हणायचे आणि खिडकीशी उभं राहून पान खायचे. आठव्या वेळेला आला.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा सगळ्या शाळेत मी एकटाच रडलो, हे खरं आहे. पण सात वेळा करायला वेळ कुठला? पोरं चाळीस आणि लंबक चार. मग मी माझी रीत काढली. आधी उत्तर लिहायचं, मग त्यावरून मागं येत झोक्यांचा वेळ काढायचा आणि तो वहीत भरायचा. याला पोरं म्हणायची, “मामा, रीडिंग बसवून द्या ना.” शाळेतली पोरं मला मामाच म्हणत. मामानं बसवून दिलं की ते बसायचंच. एका वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की चाळीसच्या चाळीस पोरांचं उत्तर अगदी तंतोतंत कसं? तेव्हापासून मी कुणाला ९.७८ द्यायचो, कुणाला ९.८३. हुशार पोरांना थोडं जवळचं द्यायचो.

याची मला लाज वाटत नव्हती. उलट तालुक्याच्या शाळांतले सहायक माझ्याकडं शिकायला यायचे. माझी दुसरी कला म्हणजे दोन हातांत दोन स्टॉपवॉच. दोन्ही एका वेळी चालू करायचे आणि वेगवेगळ्या वेळी बंद करायचे. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत माझा अंगठा चुकत नसे. हेडमास्तर मला पाहुण्यांपुढं हे करून दाखवायला लावत.

मी त्रेचाळीसचा असताना देशपांडे बाई शाळेत आल्या. आमच्या पोरांच्या शाळेत विज्ञान शिकवणारी ही पहिलीच बाई. वय पंचवीसच्या आसपास, राहायला गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. वडील निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. आता अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, पाठीवर दोन शिकणारी भावंडं, त्यामुळं घर बाईंच्या नोकरीवर चालत होतं. आणि नोकरी एका वर्षाची, तात्पुरती. संस्थेतल्या एका बड्या माणसाचा भाचा त्याच वर्षी बी.एस्सी. झाला होता. बाईंना कायम करायचं की नाही, हे शिक्षण खात्याच्या तपासणीत साहेब काय शेरा देतात त्यावर ठरणार होतं. शेरा वाईट पडला तर त्यांना घरी बसवायला संस्थेला आयतंच कारण मिळणार होतं. हे शिपायापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

बाई मला ‘अहो मामा’ म्हणायच्या. कामाला चोख, पण एक खोड होती. पोरांची रीडिंगं बसवू द्यायच्या नाहीत, निदान त्यांच्या समोर तरी. “चुकलं तर चुकलं, लिहू दे त्याला,” म्हणायच्या. मला वाटायचं, नवीन आहेत, परीक्षा जवळ आली की येतील वाटेवर. त्या घरी गेल्या की मी वह्या दुरुस्त करून ठेवायचो. त्यांचा निकाल चांगला लागावा हीच माझी इच्छा होती, हे शपथेवर सांगतो.

तपासणीच्या चार दिवस आधी त्या प्रयोगशाळेत आल्या. म्हणाल्या, “मामा, साहेबांपुढं मी मैदानावर पाठ घेणार आहे. चेंडू लाथेनं सरळ वर मारायचा. तो वर जायला किती वेळ आणि खाली यायला किती वेळ, ते मोजायचं. तुमची दोन घड्याळं लागतील.”

“व्हय की. त्यात काय अवघड?”

“अवघड काहीच नाही. तुम्ही फक्त मोजा. बाकीचं माझ्याकडं.”

पुस्तकात हे सोपं दिलं आहे. ज्या वेगानं चेंडू वर निघाला, त्या वेगाला नऊ पूर्णांक आठनं भागा, म्हणजे वर जायचा वेळ मिळतो. खाली यायलाही तेवढाच. म्हणून एकूण हवेत राहायचा वेळ त्याच्या दुप्पट. नववीच्या पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. मला वाटलं, बाई साधा पाठ घेतायत, शहाणपणा केला.

तपासणीच्या दिवशी साहेब जीपनं आले. गृहस्थ शांत, पांढरा बुशशर्ट, बोलणं कमी. बाई वर्गात फळ्यावर काहीतरी शिकवत होत्या, साहेब आणि हेडमास्तर मागच्या बाकावर. मी मैदानात होतो. माझ्याबरोबर ड्रिलचे जाधव सर. गडी उमेदीत फुटबॉल खेळलेला, त्याची लाथ अशी की चेंडू वडाच्या झाडाच्या वर जाऊन चार पावलांच्या आत खाली पडायचा. वर्ग यायच्या आधी आम्ही एक किक करून पाहिली. दोन्ही घड्याळं चालू केली. चेंडू वर टेकला तेव्हा उजवं बंद केलं, जमिनीला लागला तेव्हा डावं.

उजवं म्हणत होतं एक पूर्णांक नऊ. डावं चार पूर्णांक एक. म्हणजे खाली यायला दोन पूर्णांक दोन.

जाधव सरांना म्हणालो, “अजून एक मारा.” परत तसंच. खाली यायला जास्तच. तेव्हा मला एकच वाटलं की माझा हात गेला. एकवीस वर्षांत न चुकलेला अंगठा नेमका आज चुकतोय आणि त्यापायी या पोरीची नोकरी जाणार. साहेब म्हणतील, साधा प्रयोग हिला आणता येत नाही.

तेवढ्यात वर्ग रांगेनं मैदानात आला. पुढं बाई. चेहरा शांत, पण हातातला खडू त्यांनी मैदानातही आणला होता, तो त्या फिरवत होत्या. त्यांनी पोरांना कडेनं उभं केलं, मला मान हलवून खूण केली. जाधव सरांनी लाथ मारली.

मी काय केलं ते नीट सांगतो. चेंडू वर टेकेपर्यंत मी चेंडूकडं पाहिलं आणि उजवं घड्याळ खरं बंद केलं. एक पूर्णांक नऊ. मग नजर खाली आणली आणि डाव्या घड्याळाचा काटा तीन पूर्णांक आठवर आला की अंगठा दाबला. नंतर चेंडू पडल्याचा आवाज आला. पाव सेकंदाचा फरक, कुणाच्या लक्षात येणार?

मी मोठ्यानं सांगितलं, “वर एक पूर्णांक नऊ. एकूण तीन पूर्णांक आठ.”

पोरांत कुजबुज झाली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, खूश झाल्या. त्या म्हणाल्या, “पुन्हा एकदा.”

पुन्हा तसंच बसवलं. एक पूर्णांक आठ, तीन पूर्णांक सहा. तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यासारखं. दर वेळी बाईंचा चेहरा थोडा उतरत गेला आणि मला त्याचं कारण कळेना. दोन-चार पोरं तोंडावर हात ठेवून हसायला लागली.

साहेब पुढं आले. रागानं नाही, साधं विचारलं, “बाई, पुस्तकात आहे तेच आलं की. मग वर्गात फळ्यावर तुम्ही खाली यायला जास्त वेळ लागेल असं का लिहिलंत?”

तेव्हा मला कळलं. त्या वर्गात जे शिकवत होत्या ते मी ऐकलंच नव्हतं. त्यांनी पोरांना सांगितलं होतं की पुस्तकातलं उत्तर हवा नसलेल्या जागेचं आहे. वर जाताना पृथ्वी चेंडूला खाली ओढते आणि हवाही अडवते, म्हणून तो लवकर थांबतो. खाली येताना पृथ्वी ओढते, पण हवा आडवी येते, म्हणून तो सावकाश येतो. पुस्तक आणि मैदान यांच्यात किती फरक पडतो ते आपण आज मोजू, हाच त्यांचा पाठ होता. आदल्या रविवारी धाकट्या भावाला घेऊन हर्सूल तलावाच्या बाजूच्या माळावर त्यांनी हे करून पाहिलं होतं, हे मला मागाहून कळलं. माझा अंगठा सकाळी चुकलाच नव्हता.

बाई साहेबांना काय म्हणाल्या, ते मी कधी विसरणार नाही. त्यांनी घड्याळाला दोष दिला नाही, मला दिला नाही, जाधव सरांच्या लाथेलाही दिला नाही. म्हणाल्या, “सर, मी वेगळं समजत होते. पण रीडिंग जे आलं ते आलं. ते खोटं म्हणता येणार नाही. माझं काय चुकलं ते मला परत तपासावं लागेल.” आणि पोरांकडं वळून म्हणाल्या, “वहीत आलं तेच लिहा.”

साहेबांनी खिशातून पेन काढलं. हेडमास्तर जमिनीकडं पाहत होते. मला आतून एक आवाज सांगत होता की गप्प बस, तुझं काय जातंय? खरंच माझं काही जाणार नव्हतं. गप्प राहिलो असतो तर संध्याकाळपर्यंत सगळे म्हणाले असते, मामांचं काम चोख होतं, बाईच कच्च्या निघाल्या. अंथरुणावरचा त्यांचा बाप मी एकदाच पाहिला होता, वह्या द्यायला घरी गेलो तेव्हा. त्यानं पडल्या पडल्या मला डाव्या हातानं नमस्कार केला होता.

मी म्हणालो, “साहेब, ते रीडिंग लिहू नका.”

“का?”

“डावं घड्याळ म्या बसवलं. चेंडू पडला तवा माझी नजर चेंडूवर नव्हतीच. काट्यावर होती. डबल झालं की दाबलं.”

साहेबांनी विचारलं, “कशासाठी?”

“पुस्तकात तसंच हाय म्हणून. बाईंचा प्रयोग यावा म्हणून.”

“बाईंनी सांगितलं होतं तुम्हाला?”

“नाय साहेब. बाई म्हणल्या होत्या, फक्त मोजा.”

साहेबांनी पेन बंद केलं. माझ्या हातातली दोन्ही घड्याळं घेतली, एक स्वतःकडं ठेवलं आणि एक पहिल्या रांगेतल्या पोराला दिलं. मला म्हणाले, “तुम्ही तिकडं उभे राहा.” जाधव सरांनी पाच किका मारल्या. पोरगं चेंडू वर टेकला की आपलं घड्याळ बंद करून ओरडायचं, साहेब जमिनीकडं बघून घड्याळ बंद करायचे. त्यांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नव्हते, नवखा हात तो. पण पाचही वेळा खाली यायला वेळ जास्तच लागला. बाईंनी मैदानाच्या ओट्यावरच खडूनं मांडणी करून दाखवली. आता पोरं हसत नव्हती. शेवटच्या किकेला तर सगळा वर्ग मान वर करून मनातल्या मनात मोजत होता. इतकी वर्षं मी शाळेत होतो, पण वर्ग असा गप्प झालेला मी तोपर्यंत पाहिला नव्हता.

शेरा चांगला पडला. बाई महिन्याभरात कायम झाल्या. मला संस्थेनं लेखी ताकीद दिली, ती माझ्या सेवापुस्तकात शेवटपर्यंत होती. तिचं मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई प्रयोगशाळेत आल्या. खोटं कशाला बोलू, मी मनातून आभाराची वाट पाहत होतो. ऐनवेळी बोललो, आपली इज्जत घालवून त्यांची नोकरी वाचवली, असं माझं रात्रभर चाललं होतं. मीच ती धोक्यात घातली होती, एवढं सोयीनं विसरून.

त्यांनी आभार मानले नाहीत आणि रागावल्याही नाहीत. भिंतीच्या कपाटात जुन्या जर्नल वह्यांचे गठ्ठे होते, प्रत्येक वर्षाचा वेगळा, सुतळीनं बांधलेला. ते मोठ्या अभिमानानं मीच जपून ठेवले होते. त्यातला एक त्यांनी काढला, दोन-तीन वह्या उघडून पाहिल्या आणि विचारलं, “मामा, ह्यातली अशी किती?”

मी म्हणालो, “अशी म्हंजी?”

“बसवलेली.”

मला थाप मारता आली असती. कपाटाकडं पाहिलं आणि ती मारवेना. म्हणालो, “समदीच, बाई.”

“सगळ्या वर्षांची?”

“रज्जाक मास्तर होते तवाची सोडून.”

बाई स्टुलावर बसल्या. एवढी पोरं माझ्या हातून विज्ञान शिकली आणि त्यातल्या एकालाही खरा आकडा कसा दिसतो ते ठाऊक नाही, हे त्यांनी मला ऐकवलं नाही. ते मला माझं कळलं आणि फार लागलं.

मग त्या म्हणाल्या, “लंबक लावा.”

मी लावला. दोरा मोजला, एक मीटर. गोळा झुलवला, शून्य म्हणून घड्याळ चालू केलं आणि वीस झोके मोजले. चाळीस पूर्णांक आठ सेकंद. बाईंनी कागदावर हिशेब केला आणि कागद माझ्यापुढं सरकवला. नऊ पूर्णांक पाच.

“चुकलं,” मी म्हणालो. “चाळीस पूर्णांक एक यायला पायजे होतं. लिहितो तसं.”

“तुम्ही काय मोजलंत?”

“चाळीस पूर्णांक आठ.”

“मग? चूक कुठं आहे ते उद्या शोधू. दोऱ्याची लांबी तुम्ही कुठपासून कुठपर्यंत धरलीत?”

मी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत धरली होती. गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. हे मला रज्जाक मास्तरांनी शिकवलं होतं आणि मी ते विसरून गेलो होतो, कारण उत्तर आधीच माहीत असल्यावर लांबी कुठपर्यंत धरली यानं काही बिघडतच नव्हतं.

बाईंनी नवी वही उघडून दिली. पेन घेतलं तरी हात नऊ पूर्णांक आठकडंच वळत होता. बाईंनी घाई केली नाही. मी वेळ लिहिला, लांबी लिहिली आणि खाली उत्तराच्या जागी ९.५ लिहिलं. तेव्हा माझ्या नोकरीला एकवीस वर्षं झाली होती, आणि मास्तर गेल्यानंतर मी मोजलं तसं लिहिलेलं हे पहिलंच रीडिंग होतं.